कार्डाला प्लास्टिक

माझे वडील, आबा, साखर कारखान्यात हंगामी कामगार. गाळप संपलं की घरी बसायचे. म्हणून ‘कायम’ हा शब्द त्यांना फार मोठा वाटायचा. मी बारावी झाले, टायपिंगची परीक्षा दिली आणि कुंडलहून सांगलीला जाऊन विश्रामबागच्या सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं. तेव्हापासून आबा म्हणायचे, “आता कॉल आला की पोरगी कायम!”

नोकरीच्या मुलाखतीचा कॉल यायचा नंबराप्रमाणे आणि नंबर लागायचा नोंदणीच्या तारखेवर. दर तीन वर्षांनी नोंदणीच्या कार्डाचं नूतनीकरण करायचं. ठरलेला महिना चुकला की जुना नंबर गेला, पुन्हा सगळ्यांच्या मागं. आबांना रजा मिळाली ती नेमकी त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. कार्ड त्यांच्याच ताब्यात होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. मला बघूही देत नव्हते.

खिडकीपाशी त्यांनी टॉवेल सोडला. कार्ड चकचकीत प्लास्टिकमध्ये कायमचं बंद! शेजारच्या पोराचं कार्ड उंदरानं कुरतडलं होतं, म्हणून यांनी आष्ट्याला जाऊन लॅमिनेशन करून आणलं होतं.

“ह्यावर शिक्का कुठं मारू, बाबा?” कारकून म्हणाले. त्यांनी ब्लेडनं प्लास्टिक सोडवायला घेतलं, तर शाईसकट कागदच निघून आला. तारीख गेली.

मी मुळात तोंडाळ. भर रांगेत आबांवर ओरडले, “आवं आबा, काय करून ठेवलंसा हे! कुणी सांगितला होता शहाणपणा? तीन वर्षं पाण्यात गेली माझी!”

आबांनी खिडकीकडं वळून हात जोडले. “सायेब, चूक माझी हाय. पोरीचा नंबर काढू नगा.”

कारकुनांनी चष्म्यावरून माझ्याकडं रागानं पाहिलं. मग आतलं जाडजूड रजिस्टर काढलं, माझं नाव शोधलं आणि जुन्याच तारखेनं नवं कार्ड लिहून दिलं. नंबर वाचला. ते कार्ड आबांच्या पुढं धरलं, तर आबांनी दोन्ही हात मागं घेतले. “तिच्याकडंच द्या, सायेब.”

एसटीत मला सारखं वाटत होतं, माफी मागावी. पण जीभ उचलेना. माझीच मला लाज वाटत होती.

तीन वर्षं गेली, कॉल काही आला नाही. पुन्हा नूतनीकरणाला आबा सोबत आले. पण कार्यालयाच्या पायरीशीच थांबले. मी म्हटलं, “आत चला की.”

“तू जा. मी हाय हितं.”

आता मात्र मला राहवलं नाही. “आबा, त्या दिवशी मी लय बोलले तुमाला. चुकलं माझं.”

“कवा गं?” आबा हसून म्हणाले. “मला तर काय ध्यानात न्हाई.”

आणि तरी ते आत काही आले नाहीत.