डिकी उघडी ठेवून ऐकलेला रेडिओ

सदर इसम वय वर्षे बावन्न, बांधा मध्यम, वर्ण निमगोरा. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर सोल्डरिंगचा जुना चटका. व्यवसाय : चारचाकी वाहनांची विद्युत दुरुस्ती, रेडिओ, स्पीकर व तत्सम ध्वनिसाधने यांत विशेष प्रावीण्य. सदर इसमाच्या सचोटीविषयी अथवा कौशल्याविषयी कोणाचीही तक्रार नाही. सबब दुकानाच्या दर्शनी भागी ‘वाहनतज्ज्ञ’ अशी जी पाटी लावलेली आहे, ती वस्तुस्थितीस धरून आहे.

गल्लीत त्याला फ्यूज म्हणतात. नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नाही, त्यालाही नाही.

दुकान दोघा भावांचं. दादा गिऱ्हाइकांशी बोलायचा, हा वायरींशी. चार महिन्यांपूर्वी दादा दुकानातल्याच खुर्चीत, बिलाचा कागद फाडता फाडता गेला. फ्यूज तिसऱ्या दिवशी दुकान उघडून बसला. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर वगैरे काही नव्हतं. ‘वाईट झालं हो’ असं कुणी म्हटलं की तो क्षणभर थांबायचा, मल्टिमीटरची टोकं वायरीला लावून आवाजाची वाट बघावी तसा. आवाज यायचा नाही. मग तो ‘हो ना’ म्हणायचा आणि कामाला लागायचा. खुर्ची त्याने हलवली नाही, तिच्यावर बसलाही नाही. त्यावर आता हेडलाइटची खोकी असतात.

दादाची गाडी वहिनी चालवते. त्या गाडीचा रेडिओ खरखरतो, हे तिचं म्हणणं. गाणं नीट चाललेलं असतं, मध्येच कुणीतरी वाळूत पाय घासत चालल्यासारखा आवाज येतो आणि गाणं बुडतं.

फ्यूजने तीनदा तपासलं. रेडिओ खोबणीतून बाहेर काढला. अँटेनाच्या भोकात स्क्रूड्रायव्हर टेकवला, कटकट झाली, म्हणजे रेडिओ जिवंत. केबलच्या दोन्ही टोकांना मीटर लावला, बीप आला, म्हणजे आतली तार सलग. तार आणि तिच्यावर विणलेली धातूची जाळी एकमेकांना लागलेली नाहीत, तेही पाहिलं. पहिल्या खेपेला पिन बदलली, दुसऱ्या खेपेला रेडिओच बदलून पाहिला, तिसऱ्या खेपेला नुसतं लावून ऐकलं. बातम्या घंटेसारख्या खणखणीत.

“वहिनी, काही नाही यात.”

“भाऊजी, मी ऐकलंय.”

“असेल. पण नाही यात काही.”

हे एवढ्यावर राहिलं असतं, पण पुतणीने फोन केला. ती दुसऱ्या गावी असते, नवरा आणि नोकरी सांभाळून आईची काळजी करते, आणि काळजी करताना तिचा आवाज चढतो. “काका, खरं सांग. आईला भास होतायत ना? बाबा गेल्यापासून तिला आवाजच ऐकू येतात. अशा माणसाने गाडी चालवायची? रविवारी येते मी, किल्ली घेते आणि तिलाही घेऊन जाते. घराचं नंतर बघू.”

फ्यूजने जे होतं ते सांगितलं. रेडिओ ठणठणीत आहे. मीटर खोटं बोलत नाही. वहिनीविषयी तो काहीच बोलला नाही, आणि तेवढं पुरलं.

शुक्रवारी वहिनी पुन्हा आली. शेजारचा पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून बसला होता.

“आला का रेडिओ परत माहेरपणाला?” त्याने विचारलं. “फ्यूजराव, आता बाळंतपण उरकूनच धाडा सासरी.”

वहिनी एरवी हसली असती. ती गाडीतून उतरलीच नाही. फ्यूजने डिकी उघडली, अवजारांची पेटी तिथे ठेवली, पुढे येऊन रेडिओ लावला. स्वच्छ. कुणीतरी आंब्याच्या लोणच्यासारखं मुरलेल्या गळ्याने गात होतं.

“बघा,” तो म्हणाला.

“बघायचं नाहीये मला. भाऊजी, रविवारी ती मला न्यायला येतेय. तिच्याकडे मला देतील ती खोली मी पाहिलीये, तिच्यात इस्त्रीचं टेबल आहे. तुम्ही माझ्या शेजारी बसा आणि चौकापर्यंत चला. नाही आला आवाज, तर किल्ली मीच तुमच्या हातात देते.”

त्याला जायचं नव्हतं, न जाण्याचंही काही कारण नव्हतं. त्याने पेटी उचलून दुकानात ठेवली, डिकी आपटून लावली आणि तो शेजारी बसला.

गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा जावं लागलं नाही. वाळूत पाय घासत कुणीतरी आलं आणि गाणं बुडालं.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. “आला?”

“आला.”

“नक्की?”

“आला, वहिनी.”

तिने इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. फ्यूज समोर बघत बसला. काय करतात अशा वेळी ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने रेडिओचा आवाज थोडा कमी केला.

मग तो उतरला, मागे गेला आणि डिकी उघडली. गाणं परत आलं. लावली, गेलं.

या गाडीची अँटेना मागच्या दारातच, म्हणजे डिकीच्या झाकणातच असते. तिची केबल बिजागरीपाशी एका रबरी नळीतून छतात शिरते आणि तिथून पुढे येते. दुकानात परतल्यावर त्याने नळी सोडवली. केबलची साल शाबूत होती, आतली तार तुटली होती. डिकी उघडी असली की वाकून दोन्ही टोकं भिडत, लावली की नखभर दूर जात. आणि या धंद्यातला प्रत्येक जण काम करताना डिकी उघडून पेटी तिथेच ठेवतो, कारण कंबर वाकवावी लागत नाही. त्याने तीनदा एक धडधाकट केबल तपासली होती. पेटी उचलून डिकी लावली की ती मोडत होती.

त्याने खराब तुकडा कापला, जरा ढिला राहील असा नवा घातला. तारेला तार डाखली, वर आकसणारी नळी चढवून गरम केली, जाळीला जाळी जोडली, टेप गुंडाळला. वहिनी आत बसून ऐकत राहिली आणि तो डिकी उघडमिट करत राहिला.

“गाडीला उडायला शिकवताय का?” पंक्चरवाला म्हणाला.

वहिनीने मुलीला फोन लावून त्याच्या हातात दिला.

“आई शेजारी उभी आहे म्हणून बोलतोयस का काका?” पुतणीने विचारलं.

“नाही. केबल तुटली होती. आवाज खरा होता. मी ऐकला.”

“मग तीनदा तुला का नाही ऐकू आला?”

“डिकी उघडी होती.”

मग ती म्हणाली, “बरं. रविवारी मग नुसतीच येते. किल्ली राहू दे तिच्याकडे.” आणि मग, आवाज न चढवता : “पण काका, एकदा तरी रस्त्यावर काढून बघायचीस ना गाडी.”

सदर इसमास गाडी चालवता येत नाही. काम झालं की चक्कर दादा मारून यायचा.