राहेलसाठी केलेली प्रार्थना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — त्याच्या शेवटच्या दुखण्यात रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसले, तेव्हाही नाही. चर्चच्या पाळकांना नाही. देवाला? तो तिथंच होता, त्यानं पाहिलंय, मग वेगळं काय सांगायचं — असं म्हणून तिथंही मी टाळत आले. तुम्ही माझ्या ओळखीचे असता तर तुम्हालाही कदाचित सांगितलं नसतं.

मी आदिलाबादेत मराठी शाळेत शिक्षिका होते. माझा नवरा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. आमची मराठी मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, लहानशी. गावातले बाकीचे ख्रिस्ती तेलुगू बोलणारे, त्यांची उपासना वेगळी. चर्चच्या आवारात चार-पाच घरं होती, त्यांतलं एक आमचं. आणि त्या आवारात मी कशासाठी प्रसिद्ध होते, माहीत आहे? प्रार्थनेसाठी. कुणाचा ताप उतरत नसला, कुणाचं पोरगं परीक्षेला बसलं, कुणाची म्हैस सापडत नसली — सुमनबाईंना बोलवा. मी जायचे, डोळे मिटायचे, आणि शब्द आपोआप यायचे. बाया रडायच्या. खोटा नम्रपणा करत नाही, मी चांगलीच प्रार्थना करायचे. आणि मला वाटायचं, विश्वास विश्वास म्हणतात तो हाच. आणखी काय असतं?

राहेल आमच्या शेजारच्या घरातली सून. तिचा सासरा मंडळीचा वडील — म्हणजे पाळकांच्या खालोखाल त्याचा शब्द. नवरा सुधाकर पेटी वाजवायचा, गायचा. आवाज असा, की बाहेर रस्त्यावरचे लोक थांबायचे. राहेल नार्नूरकडची. आईबाप लहानपणीच गेलेले, मामानं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. तिला रूथ नावाची एक मुलगी, नुकती चालायला लागलेली. आमची आणि त्यांची भिंत एकच होती. त्या भिंतीतून काय ऐकू यायचं, ते आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि आम्ही काय करत होतो? बुधवारच्या प्रार्थनेत म्हणत होतो — प्रभू, आमच्या घराघरांत तुझी शांती नांदू दे. घराचं नाव कुणी घेत नव्हतं. मीही नाही.

तो रविवार होता. नागपूरकडून एक मोठे उपदेशक आले होते. दुपारचं जेवण मंडळीच्या वडिलांकडे आणि चहा आमच्याकडे, असं ठरलेलं. त्यांनी माझं नाव ऐकलं होतं म्हणे. मी आदल्या दिवशीच शंकरपाळे तळून ठेवले होते, पुढच्या खोलीत नवी चादर अंथरली होती. नवरा कामावरून यायचा होता. चहाचं दूध स्टोव्हवर ठेवलं आणि मागच्या दारावर थाप पडली.

राहेल होती. कडेवर रूथ. ओठ फाटलेला, चेहऱ्याची एक बाजू सुजून डोळा बारीक झालेला. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाई, आजच्या दिवस मले तुमच्या घरी राहू द्या," ती म्हणाली. "सकाळच्या बशीनं मी निंगून जाईन."

एवढंच तिनं मागितलं.

माझ्या मनात तेव्हा काय आलं? पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत राहिले, की मी वडिलांना भ्यायले. घर चर्चचं होतं, त्यांनी काढलं असतं तर आम्ही कुठं गेलो असतो? पण हे खरं नाही. नवऱ्याला सरकारी पगार होता, माझाही होता, गावात भाड्यानं घरं मिळत होती. मी भ्यायले नव्हते. मला वाटलं — आता उपदेशक येतील, पुढच्या खोलीत बसतील, आणि मधल्या खोलीत ही सुजलेल्या तोंडाची बाई, हिचं रडणारं लेकरू. चहा नीट होणार नाही. बस. एवढ्यासाठी. चहासाठी.

मी म्हणाले, "राहेल, आपण आधी प्रार्थना करू."

स्वयंपाकघराच्या फरशीवर आम्ही दोघींनी गुडघे टेकले. रूथनं माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं. मी लांबलचक प्रार्थना केली. सुधाकरचं मन मऊ कर म्हणाले. या लेकीला सोसायचं बळ दे म्हणाले. सोसायचं बळ! आमेन झाल्यावर मी तिचा चेहरा पदरानं पुसला, रूथच्या मुठीत शंकरपाळे दिले, आणि मागचं दार उघडून धरलं. जा, असं म्हणाले नाही. फक्त दार उघडून उभी राहिले. तिला कळलं. जाता जाता ती, आमच्यात म्हणतात तसं, "सलाम, बाई" म्हणाली.

मग पाहुणे आले. उपदेशक, आमचे पाळक, राहेलचा सासरा आणि सुधाकर. नवराही तोवर घरी आला होता. उपदेशकांनी सुधाकरला एक गीत म्हणायला सांगितलं, त्यानं म्हटलं. मी त्याला दुसऱ्यांदा चहा दिला — त्याच हातात. उपदेशक म्हणाले, प्रत्येक मंडळीत असं एक प्रार्थनेचं घर असावं. मी मान खाली घातली, जशी घालतात तशी.

राहेलला माझ्या मागच्या दारातून निघताना तिच्या सासूनं पाहिलं होतं. घरातलं बाहेर नेतेस काय — म्हणून पाहुणे गेल्यावर, दिवेलागणीला, सुधाकरनं तिला पुन्हा मारलं. म्हणजे त्या संध्याकाळचा मार माझ्याकडे आल्याबद्दल होता. तिच्या डाव्या कानाचा पडदा तेव्हा फाटला. मी भिंतीतून ऐकत होते. नवरा ऐकत होता. तो उठला, चपला घातल्या. मी त्याचा हात धरला, म्हणाले, त्यांच्या घरचं आहे, उद्या पाळकांशी बोलू. तो बसला. ती दुपारी आपल्या दारात येऊन गेली, हे मी त्याला सांगितलं असतं, तर तो बसला नसता. म्हणून तर सांगितलं नाही.

मागच्या गल्लीत वाघमारेबाई राहायच्या. माझ्याच शाळेत शिकवायच्या. बौद्ध घरातल्या, आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची, ह्या शिकून मास्तरीण झालेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी त्या सरळ आमच्या आवारात आल्या. कुणी बोलावलं नव्हतं, रात्री ऐकू आलं होतं म्हणून. राहेल अंगणात बसली होती, कानाला फडकं लावून. बाईंनी रूथला कडेवर घेतलं आणि राहेलचा दंड धरून तिला उठवलं. वडील फाटकात आडवे झाले, तुमचा काय संबंध म्हणाले.

"आधी पोरगी वाचू द्या," वाघमारेबाई म्हणाल्या. "मंग भांडू."

हे सगळं मी खिडकीतून पाहिलं. साडी नेसून, शाळेची पिशवी खांद्याला अडकवून मी तयार उभी होते. दोघींना घेऊन बाईंची रिक्षा गेल्यावर मी घराबाहेर पडले.

बाईंनी तिला दवाखान्यात नेलं, आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं. कान वाहायचा थांबल्यावर मंचेरियलला पाठवलं. तिथं मुलींच्या वसतिगृहात त्यांची बहीण होती, तिनं राहेलला स्वयंपाकाचं काम लावून दिलं.

इकडे मंडळीची समिती बसली. वडिलांचं म्हणणं, सून काही कारण नसताना परक्यांच्या नादी लागून घर सोडून गेली. पाळक भले होते, त्यांना पटेना. त्यांनी मला समितीपुढं बोलावलं. बायकांमध्ये राहेल कुणाशी बोलली असेल तर तुमच्याशीच, असं म्हणाले, आणि विचारलं — तिनं कधी काही त्रास सांगितला होता का?

मी म्हणाले, "नाही. माझ्याजवळ ती कधी काही बोलली नाही."

कुणी धाक घातला नव्हता. वडील माझ्याकडे पाहतही नव्हते. पण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग तुम्ही काय केलं? समितीनं राहेलचं नाव मंडळीतून काढलं. प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत प्रभूच्या नावानं भाकर वाटतात त्याला, तिला बंदी झाली. पुढच्या रविवारी मी माझ्या नेहमीच्या बाकावर बसले आणि भाकर घेतली.

वाघमारेबाईंनी मला एकदाच विचारलं, शाळेत, वह्या तपासताना. ती आधी तुमच्याकडं आली होती म्हणे? मी हो म्हणाले. मग? मी म्हणाले, प्रार्थना केली. त्यांनी मान हलवली, "चांगलं केलं," म्हणाल्या आणि पुढची वही घेतली. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटलं असावं, की आमच्यात आधी तसं करतात आणि मग काहीतरी करतात.

त्यानंतर मी चारचौघांत प्रार्थना करणं सोडलं. लोकांना वाटलं, बाईंची तब्येत बिघडली. वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. पलीकडच्या गल्लीतली एक तेलुगू बाई, बिडी कारखान्यात कामाला जाणारी, भर दुपारी मार खाऊन मागच्या दाराशी आली. तिचं बोलणं मला निम्मंच कळलं. मी तिला आत घेतलं, दाराला कडी घातली आणि भात वाढला. माझ्या नवऱ्यानं काही न विचारता चटई अंथरली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. माझी तेलुगू मोडकी, ठाण्यातले साहेब हसले. मी म्हणाले, हसून घ्या, पण लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं.

तेव्हापासून माझ्या घरी किती बाया येऊन राहिल्या, मी मोजलं नाही. हिंदू, मुसलमान, गोंड, आमच्यातल्याही. मंडळीच्या वडिलांनी बोलून पाहिलं, मी ऐकलं नाही. घर सोडा म्हणाले, आम्ही सोडलं, भाड्याच्या घरात गेलो, तिथंही बाया आल्या. हे मी अभिमानानं सांगते, आणि सांगण्यात मला संकोच नाही. गुडघे टेकणं सोपं आहे. टेकून उठायचं, दार उघडायचं, आणि उघडलेल्या दारातून माणूस आत घ्यायचा — माझा विश्वास आता तिथं आहे. यावर माझ्याशी कुणी वाद घालू शकणार नाही.

पण मग मंडळीनं माझा सत्कार केला. राहेलचा सासरा वारला होता, सुधाकर दुसरं लग्न करून दुसऱ्या गावी गेला होता, पाळक नवे होते. शाल दिली, साक्ष द्यायला सांगितली — हे काम तुम्हाला कसं सुचलं? मी उभी राहिले आणि म्हणाले, एका दुपारी प्रभूनं माझ्याशी बोलून मला हे दाखवलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. राहेलचं नाव मी घेतलं नाही. तिथं बसलेल्या निम्म्या लोकांना राहेल कोण, तेही ठाऊक नव्हतं.

नवरा गेल्यानंतर एका लग्नाला मंचेरियलला गेले होते. वसतिगृह विचारत विचारत गेले. का गेले? सांगायलाच गेले होते. राहेल आता तिथल्या स्वयंपाकघराची मुख्य आहे, केस पिकलेत. रूथ नर्स झाली. राहेलनं मला लगेच ओळखलं, दोन्ही हात धरले आणि आपला चांगला कान माझ्याकडे करून बसली. कामाला असलेल्या पोरींना हाका मारून बोलावलं.

"ह्या बाईनं माह्यासाठी प्रार्थना केली व्हती," ती त्यांना म्हणाली. "तवा माह्या बाजूनं दुसरं कोनीच नव्हतं. त्याच प्रार्थनेनं मी वाचली."

मी पुन्हा मान खाली घातली, जशी उपदेशकांपुढं घातली होती.

तिनं चहा केला. मग हळूच विचारलं — आपल्या मंडळीत माझं नाव पुन्हा लिहितील का? ती तिथल्या तेलुगू चर्चला दर रविवारी जाते, पण मागं बसते. प्रभुभोजनाची भाकर घेत नाही. मंडळीनं नाव काढलंय, मग कशी घेऊ, म्हणाली. तेव्हापासून तिनं घेतलेली नाही. पोरगी मोठी झाली, नर्स झाली — एवढ्या सगळ्या वर्षांत एकदाही नाही. मी काय म्हणाले? "बघते," म्हणाले. आणि लग्नाला निघून गेले.

अजून एक राहिलं. तेच सगळ्यांत आतलं आहे. त्या दुपारी मी डोळे मिटले होते, शब्द येत होते, पण माझा कान पुढच्या फाटकाकडे होता. मध्येच एक डोळा उघडून मी दूध उतू जात नाही ना, ते पाहिलं आणि पुन्हा मिटला. त्या शब्दांतला एकही मी देवाशी बोलले नव्हते. त्या प्रार्थनेनं आपण वाचलो, असं राहेल मानते.

येत्या शनिवारी मी मंचेरियलला जाते आहे. आधी तिला सांगणार, तिच्या पोरींसमोर, जसं इथं सांगितलं तसंच. रविवारी आमच्या मंडळीत उभी राहून समितीपुढं मी काय खोटं बोलले, ते सांगणार आणि तिचं नाव परत लिहायला लावणार. ते लिहितील. नाही लिहिलं, तर लिहीपर्यंत मी खाली बसणार नाही.

राहेल काय म्हणेल, ते मला ठाऊक नाही. ते तिचं. तिनं काही म्हणावं, म्हणून मी जात नाही.