कासच्या तळ्यात एक तांब्या

माझी थोरली जाऊ राहीबाई हिच्याएवढी हट्टी बाई अख्ख्या साताऱ्यात नव्हती, आणि मुळात ती साताऱ्याची नव्हतीच. तिचं माहेर वर डोंगरात, कासच्या तळ्याजवळच्या एका वाडीवर. त्या तळ्याचं पाणी पाटानं डोंगराच्या कडेकडेनं वाहत खाली शहरातल्या हौदांत यायचं. आमच्या दारासमोरही असा एक हौद होता. मी धुण्याला जरा सढळ हातानं पाणी घेतलं, की ही आमची आक्का ओरडायची, "माज्या माहेरचं पानी हाय गं, जपून!" जसं काही तिच्या बापानं ते आंदणात दिलं होतं.

बापाचं नाव केरबा. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरच्या पाण्याला तोंड लावायचं नाही, ही आपल्याकडची रीत. माझे वडील माधवनगरच्या गिरणीत होते, तेही ती पाळायचे. पण माझा थोरला झाला आणि बारशाच्या दिवशी त्यांनी आमच्याकडे चहावर चहा रिचवले. आक्काला मूल नव्हतं. होणार तरी कसं? मूल व्हायला नवरा घरात लागतो. माझे थोरले दीर लालासाहेब लग्नानंतर वर्षभरात पलटणीत भरती झाले, आणि पाठोपाठ जी लढाई सुरू झाली ती संपायचं नाव घेईना.

केरबा उन्हाळ्यात करवंदांची पाटी घेऊन यायचे. ओट्यावर टेकायचे, लेकीची विचारपूस करायचे, आणि तहान लागली की उठून समोरच्या हौदावर ओंजळीनं पाणी प्यायचे. तेच पाणी आमच्या घरात माठात गार होऊन बसलेलं असायचं. मला आधी हसू यायचं. पण आक्का चौकट धरून बापाकडे बघत राहायची. तिचा चेहरा पाहिला की माझं हसू जिरायचं.

चव्वेचाळीस सालच्या वैशाखात पलीकडच्या आळीतला एक जवान ब्रह्मदेशात पडल्याची तार आली. त्या दिवशी आक्का जेवली नाही.

"पद्मा," ती म्हणाली, "ह्यांचं काय वाईटवंगाळ झालं, तर मला पोर कवा व्हायचं? आन् आबा माज्या दारात वाटसरावानीच पानी पीत मरायचे?"

मी तिचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिनं माठातलं पाणी तांब्यात भरलं, त्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "चल, कासला जाऊन येऊ." सासूबाईंनी माझ्या पोराला ठेवून घेतलं. भाकरी, चटणी आणि कांदा गाठोड्यात बांधून आम्ही दोघी निघालो.

आता मोटारीतून लोक तळ्यावर जातात आणि वाटेत काही न बघता पोचतात. आम्ही यवतेश्वरचा चढ चढून पाटाच्या कडेनं चाललो होतो. खाली अजिंक्यतारा उन्हात तापत होता आणि वर सड्याच्या उघड्या कातळावर असा वारा की पदर आवरेना. करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या. आम्ही तोडून खात होतो आणि एकमेकींच्या जांभळ्या जिभा बघून लहान पोरींसारख्या हसत होतो. त्या दिवसाची इतकी आठवण येते की आजही करवंदं हातात आली की माझी पावलं मनातल्या मनात चढाला लागतात. सासरच्या इतक्या वर्षांत तसं मोकळं चालणं पुन्हा मिळालं नाही.

गवताचा भारा घेऊन एक म्हातारी भेटली. तांब्या बघून म्हणाली, "काय गं, तूप न्हेतीस का काय?"

"न्हाई, पानी," आक्का म्हणाली.

"कासला पानी? खुळी का काय तू!"

मलाही तसंच वाटत होतं. तहानेनं घसा कोरडा पडला तेव्हा मी तांब्याला हात घातला, तर आक्कानं फटकन हात मारला. "तुला पायजे तर पाटातलं पी."

दुपार कलताना तळं दिसलं. जांभळीच्या गर्द झाडीत निळंभोर पाणी, आणि काठाला केरबा म्हशी पाजत उभे. लेकीला बघून ते घाबरलेच.

"राहे! जावयाची काय खबर?"

"त्यांचं बरं हाय. तुमच्यासाटी घरचं पानी आनलंय." तिनं तांब्या पुढं केला.

केरबांचा हात मागं गेला. "रीत हाय पोरी. आपल्या हातानं मोडू नगं."

"बरं. न्हाई मोडत." आक्कानं फडकं सोडलं आणि तांब्यातलं सगळं पाणी तळ्यात ओतलं. मग पदर खोचून बापासमोर उभी राहिली. "आता ह्या तळ्यात माज्या घरचं पानी मिसळलंय. वाडीतल्या हिरी आटल्यात. आता प्याल कुठलं, आबा?"

केरबा तळ्याकडे बघत राहिले. म्हशींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हिच्या थोबाडीत बसते. पण म्हातारा खुदकन हसला, आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी लेकीच्या हातातला रिकामा तांब्या घेतला, तळ्यात बुडवला आणि मान वर करून घटाघटा संपवला.

"गोड हाय," एवढंच म्हणाले.

लढाई संपल्यावर लालासाहेब सुखरूप घरी आले. आक्काला मूल मात्र शेवटपर्यंत झालं नाही. देवानं तिच्यावर अन्याय केला, असं मी आजही म्हणते. केरबा पुढेही करवंदं घेऊन येत राहिले. आले की ओट्यावर बसायच्या आधी आत तोंड करून हाक मारायचे, "राहे, पानी आण गं!" तहान नसली तरी.