मंद्रूपची गौरी आणि सशाची वाट

सोलापूरच्या एसटी स्टँडवरून मंद्रूपची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर टॅब होता, आणि लहान मुलांच्या बोटांची आपल्याला चांगली पारख आहे असा गर्वही. अंगणवाड्यांतल्या मुलांची वाढ नीट होतेय का, हे तपासायला मी पुण्याहून आले होते. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली ज्वारी होती. मी मात्र वेळ वाचावा म्हणून मुलांचे अर्ज गाडीतच भरत बसले.

अंगणवाडीत पाच वर्षांची गौरी आईला बिलगून आली. खेळ साधा होता. पडद्यावरच्या सशाला बोटानं वळणावळणाच्या वाटेनं गाजरापर्यंत न्यायचं. बोट किती घसरतं, किती वेळ लागतो, ते टॅब टिपतो. आई, सुनंदाताई, तिचा डावा हात मुठीत धरून बसल्या होत्या. धीर देत असतील, असं मला वाटलं.

ससा सारखा वाट सोडत होता. तीनदा खेळूनही निकाल लालच आला. आता सोलापूरला मोठी तपासणी.

"म्हंजी पोरगी अधू हाय व्हय?" सुनंदाताईंचा आवाज कापला. "शाळंत घेत्याल न्हवं हिला?"

"तपासून बघू," मी म्हणाले. असलं कोरडं बोलायला मला छान जमतं.

तरी त्यांनी मला उपाशी जाऊ दिलं नाही. घर शेजारीच होतं. कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली) आणि शेंगांची चटणी पुढ्यात आली. कोपऱ्यात अर्धवट शिवलेली वाकळ (गोधडी) पडली होती. गौरीनं सुई उचलली, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि डाव्या हातानं पहिल्याच झटक्यात ओवलं.

"मला सुईचं भोक दिसत न्हाय, तीच ओवती," सुनंदाताई म्हणाल्या.

"मग मघाशी हा हात का धरला होता?"

"तुमचा टॅब म्हंजी पाटीच की वो. सरस्वतीला डावा हात कसा लावू दिऊ?"

मी तिथंच टॅब काढला. "आता हात सोडा, ताई."

ससा वळणं घेत सरळ गाजरापाशी पोचला. निकाल हिरवा आला. सुनंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. "मीच की वो हात धरला लेकीचा!"

परतीच्या गाडीत गौरीचा अर्ज दुरुस्त करायला उघडला. पहिलाच प्रश्न होता: मूल कोणत्या हातानं काम करतं, हे पालकांना विचारा. पुढे 'उजवा' भरलेलं होतं. सकाळी, गाडीत, मीच भरलेलं. मान खाली गेली.

मग काल मोहोळला तपासलेल्या मुलांची यादी उघडली. सगळीकडे उजवा. चार नावं लाल.

सोलापूरला उतरले आणि पुण्याची गाडी सोडून मोहोळच्या एसटीत बसले.