जाते म्हणायचं नाही

विनया खांबेटे हिचं नाव ज्याने कुणी ठेवलं, त्याला पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नसावी. विनय तिच्या नावात होता तेवढाच. जयपूरला राजा पार्कात आमची घरं एकमेकांना लागून होती. दोघींचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेले. खांबेटे मंडळी वाईची, त्यामुळे विनीचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त क्रियापदं तेवढी बदललेली.

एकसष्ट साली आम्ही मॅट्रिक झालो आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे श्यामकांतकाकांनी, तिच्यासाठी स्थळं बघायला घेतली. तिला दिवाळीनंतर वाईला आत्याकडे पाठवायचं आणि बघण्याचे कार्यक्रम उरकायचे, असा बेत ठरला. विनीला कुणी विचारलं नाही. मुलीला विचारायची पद्धतच नव्हती, आणि मला त्या पद्धतीचा अजूनही राग येतो.

त्याच दिवसांत तिची आई, मधुमतीकाकू, आम्हा दोघींना घेऊन सांगानेरला छापील कापड आणायला गेल्या. परत येताना विमानतळाच्या कुंपणापाशी बसची वाट बघत होतो. आत एका शेडबाहेर छोट्या विमानाचा पंख लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला होता आणि एक माणूस चक्क सुई-दोऱ्याने त्यावर कापड शिवत होता. शिकाऊ वैमानिकांच्या त्या विमानांचे पंख म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड. आम्हाला कुठे माहीत!

विनी कुंपणाला नाक लावून उभी राहिली.

"वासंती, अगं विमान शिवतात! मग मला का नाही येणार?"

दुसऱ्या दिवशी ती मला ओढतच तिथे घेऊन गेली. शेड फ्लाइंग क्लबची होती. तिथले मुख्य मेकॅनिक राठोडसाहेब. मिशा भरघोस, आवाज त्याहून मोठा.

"मेरे को काम चाहिए," विनी म्हणाली. "कैसे मिलता है?"

त्यांनी सांगितलं. मॅट्रिक पास मुलगा आधी उमेदवार म्हणून लागतो, हाताखाली राबतो, धातू, लाकूड, कापड सगळं शिकतो, मग मेकॅनिकच्या परीक्षेला बसतो. "लड़का," त्यांनी पुन्हा एकदा ठासून सांगितलं.

"मॅट्रिक तो मैं भी पास है. और सुई को क्या मालूम, लड़का कौन?"

राठोडसाहेबांनी फाटकाकडे बोट दाखवलं. विनीचा चेहरा लालबुंद झाला. पण घरचं वळण इतकं पक्कं की संतापातही ते सुटलं नाही. फाटकापाशी वळली, हात जोडले आणि म्हणाली, "अच्छा, आती हूँ."

ते गोंधळले. "अरे, फिर क्यों आओगी? मना कर दिया ना!"

आता त्यांना कोण सांगणार, की मराठी घरात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात! मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोच विनीने माझा हात दाबला.

"राहू दे," ती म्हणाली. "येते म्हटलंय ना? मग येणारच."

आणि ती गेली. पुन्हा हाकललं, पुन्हा "आती हूँ" म्हणून निघाली, पुन्हा हजर. घरी सांगायची, वासंतीबरोबर हिंदी टायपिंगला जाते. टायपिंगला मी एकटीच बसत होते. पुढे पुढे चौकीदार लांबूनच ओरडायचा, "साहब, आती हूँ आ गई!"

शेवटी वैतागून राठोडसाहेबांनी एका मोडक्या पंखाचा तुकडा तिच्यापुढे टाकला. विनीने मन लावून शिवलं. साहेबांनी बघितलं, म्हणाले, "रजाई सी रही हो?" आणि अख्खी ओळ कात्रीने कापून टाकली. बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले घेऊन परत तिथेच. तेव्हा त्यांनी स्वतः शेजारी बसून दाखवलं. प्रत्येक टाक्याला आपली गाठ हवी, म्हणजे वर गेल्यावर एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. हे जमायला तिला बराच काळ लागला. पण जमलं.

"ठीक है, रख लेंगे," एके दिवशी राठोडसाहेब म्हणाले. "पर अठारह की नहीं हो. पिताजी आकर मेरे सामने हाँ बोलें."

इथेच सगळं अडणार होतं. त्या रात्री विनीने घरी सगळं सांगितलं. श्यामकांतकाका नुसते भडकले. खांबेट्यांची मुलगी मेकॅनिकांच्यात बसून शिवणकाम करणार? शिवाय आजवर खोटं बोलत होती! वाईची तिकिटं उद्याच काढतो म्हणाले.

सकाळी मी दह्याच्या विरजणाचं निमित्त करून त्यांच्याकडे गेले. विनी वेणी घालून तयार.

"अण्णा, सांगानेरला निघालेय. येते."

काकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. "जा," म्हणाले.

स्वयंपाकघरातला पळीचा आवाज थांबला. त्या घरात निघालेल्या माणसाला कुणी 'जा' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. दारावरच्या भिकाऱ्यालासुद्धा "पुढे हो बाबा" म्हणायचे.

विनीने चपला काढल्या आणि सरळ उंबऱ्यावर बसली.

"उंबऱ्यावर बसू नये गं," काकू कळवळून म्हणाल्या.

"अण्णांना 'ये' म्हणू दे. मग उठते."

काकांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोट चढवला, टोपी घातली, सायकलची किल्ली घेतली. दारात आले तर ही बसलेली. उंबऱ्यावर बसलेल्या मुलीला ओलांडायचं तरी कसं? तिथेच थबकले, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "येतो गं."

यावर काकूंनी "या" म्हणायचं. रोज म्हणत. ते ऐकल्याशिवाय काका पाऊल बाहेर टाकत नसत. काकूंनी पदराला हात पुसले. नवऱ्याला उलट बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"आधी तिला म्हणा," त्या म्हणाल्या.

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. काकूंची मान खाली गेली नाही. बाहेर भाजीवाला ओरडून ओरडून पुढे निघून गेला.

"ये," काका पुटपुटले.

"मोठ्याने," विनी म्हणाली. काय मुलगी ही!

"ये म्हटलं ना! आणि ऊठ आता. मलाही यायचंय सांगानेरला. कोण तो साहेब, बघतो तरी."

काकांनी राठोडसाहेबांसमोर हो म्हटलं, तेही असं, जणू सगळं त्यांच्याच डोक्यातून निघालं होतं. निघताना हात जोडून म्हणाले, "अच्छा, आता हूँ." राठोडसाहेबांनी कपाळाला हात लावला.

विनीने शिवलेला पंख पहिल्यांदा उडणार होता, त्या दिवशी मी तिथे होते. तिच्या बोटांना चिकटपट्ट्या, अंगाला कापड ताठ करणाऱ्या रोगणाचा उग्र वास. एक तरुण वैमानिक चढता चढता म्हणाला, "चलो साहब, जाता हूँ."

"नीचे उतर," राठोडसाहेब गरजले. तो बिचारा घाबरून उतरला.

"अपने यहाँ ऐसे नहीं बोलते," त्यांनी विनीकडे न बघता सांगितलं. "बोल, आता हूँ."