सोवळ्याची विहीर

माझ्या काकांच्या सोवळ्याची मला अजून किळस येते.

त्या श्रावणात कर्जतजवळच्या आमच्या गावात ऊन होतं, घाटावर मात्र काळंकुट्ट झालं होतं. डोंगरावरच्या वाडीतली एक ठाकरीण धापा टाकत आमच्या अंगणात आली आणि ओरडली, "नदी लाल झाली, झाडं व्हावत येतात. गुरं सोडा नि वर चला!" काकांनी आधी तिला अंगणाबाहेर काढलं. पाणी गोठ्यात शिरलं, तेव्हा मात्र तिच्या मागोमाग डोंगर चढणाऱ्यांत तेच पहिले होते.

दोन दिवस आम्ही तिच्या वाडीत काढले. आम्ही मुलं तिथल्या झऱ्याचं पाणी प्यायचो. काका पागोळ्यांखाली तांब्या धरून बसायचे आणि आईलाही तेच प्यायला लावायचे.

पूर ओसरला. निघताना ठाकरीण म्हणाली, "तुमची इहीर बुडालेली हाय. आत मेलेलं ढोर असंल. आमच्या झऱ्याचंच पानी न्या."

"तुमचं पाणी आमच्या घरात?" काका खेकसले. घरी येऊन त्यांनी विहिरीत गोमूत्र शिंपडलं आणि विहीर शुद्ध झाली म्हणून सांगून टाकलं. पाण्याला घाण वास येत होता, तरी आई मुकाट्याने प्यायली. आम्ही मुलं चोरून झऱ्यावर जात राहिलो.

आठवड्याभरात दोघांना पटकी झाली. काका उठले, आई गेली.

तेरावं उरकल्यावर काकांनी शुद्धी करायला भट बोलावला. विहिरीची नाही. ठाकरांचं पाणी पिऊन जगलो होतो, त्या आमची.