काट्यावरचा रविवार
दसऱ्याच्या आदला रविवार, सकाळ. हजर: बाबा, मी आणि धान्याच्या वखारीतला तोलणारा. गोणपाटाचा वास आला की मध्यभारताच्या काळातली इंदूरची ती सकाळ आठवते. संस्थानची फौज मोडली, बाबा घरी बसले आणि त्यांचं पोट सुटलं. मी तेव्हा कॉलेजात होते. मी त्यांना तक्ता करून दिला: पहाटे सूर्यनमस्कार, मग वीस-वीस बैठकांच्या पाच फेऱ्या, जिलबी बंद, तूप बंद. आईने माझ्या सांगण्यावरून त्यांच्या पोळीवरचं तूप थांबवलं. दर रविवारी बाबा वखारीतल्या मोठ्या काट्याच्या पारड्यात मांडी घालून बसत आणि मी आकडा लिहून घेई. त्या दिवशी तोलणारा म्हणाला, “क्या सूबेदार साब, फिर तीन सेर कम! अब तो दूल्हा लगोगे.” बाबा हसले. परतताना मला म्हणाले, “खरं सांगू बेटा? पंधरा दिवसांत एकही बैठक मारलेली नाही. दम लागतो, म्हणून बागेत बाकावर बसून येतो. तरी उतरतंय बघ!” मी त्यांना लबाड म्हटलं आणि आकड्यावर खूश राहिले. पुढे तुकोगंजातल्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा पोटातला आजार फार वाढला होता. संक्रांतीआधीच बाबा गेले. आई आता थकली आहे. स्वतःच्या पोळीला ती अजून तूप लावत नाही. “मीच त्यांचं तूप तोडलं गं,” म्हणते. वजन आजाराने उतरत होतं. बाबांनी ते त्या रविवारी मला जवळजवळ सांगितलंच होतं आणि मी हसण्यावारी नेलं. हे आईला सांगायचं अजून राहिलं आहे.